सेइजीच्या वाटीतला भात

१२ नोव्हेंबर १९०४, मारुगामे

रोज काही लिहायची मला सवय नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा हजेरी आणि हवामान एवढंच लिहीत असे. काल सेइजीला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले. मंत्र म्हणून झाल्यावर वृद्ध भिक्षू चहा पिता पिता म्हणाले, "ओनिशीबाई, तुम्ही रडत नाही आणि बोलतही नाही. निदान लिहा तरी." म्हणून लिहिते आहे.

सेइजी माझा एकुलता मुलगा. रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा इथल्याच पलटणीतून गेला. र्योजुनच्या, म्हणजे पोर्ट आर्थरच्या, वेढ्यात होता, पण त्याला गोळी लागली नाही. आधी पाय जड झाले, मग सुजले, मग छातीत धडधडू लागलं आणि आघाडीच्या मागच्या छावणीत तो गेला. सरकारी कागदावर 'काक्के' असं लिहिलं आहे. शेजारची तोकुवहिनी समाचाराला आली तेव्हा तिनं विचारलं, "कुठल्या हल्ल्यात हो?" मी म्हटलं, "र्योजुनला." ते खोटं नाही.

एक समाधान आहे. त्यानं पोटभर पांढरा भात खाल्ला. त्याचे वडील गेल्यापासून आमच्या घरी जवाचा भात, त्यात मूठभर तांदूळ. शाळेत डब्याचं झाकण अर्धं लावूनच तो जेवायचा, रंग दिसू नये म्हणून. सैन्यातून सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, "आई, तिथे तिन्ही वेळा पांढरा भात. आता जव घशाखाली उतरायचा नाही." तेव्हापासून मीही पांढराच शिजवते. तो जे खातो ते आपण खावं, एवढंच. आता पहिल्या वाफेचा भात त्याच्या वाटीत भरून देव्हाऱ्यात ठेवते आणि वाफ निवाली की उतरवून तोच जेवते.

१९ नोव्हेंबर

टेकडीवरच्या मठात जखमी आणि आजारी सैनिकांसाठी वॉर्ड उघडला आहे. पट्ट्या गुंडाळायला बायका हव्यात असं कळलं. घरी बसून पंख्यांना कागद चिकटवत राहण्यापेक्षा बरं, म्हणून गेले.

तिथल्या मुख्य परिचारिका मुरोताबाई. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. पन्नाशीच्या पुढच्या, रुंद चेहऱ्याच्या, आवाज खर्जातला. त्यांनी माझं नाव विचारलं, हात पाहिले आणि म्हणाल्या, "गोंद लागलाय. पंखे करता ना? मग पट्टी सरळ गुंडाळता येईल." कोण गेलं, कसं गेलं, काही विचारलं नाही. मला बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

आज पट्ट्या गुंडाळताना एका मुलीनं मोठ्या बाईंना विचारलं, सैनिकांची सेवा करणाऱ्या पहिल्या बायकांत तुम्ही होता हे खरं का?

"होते," त्या म्हणाल्या. "दहा वर्षांपूर्वी, चीनशी लढाई झाली तेव्हा. बायका सैनिकांच्या अंगाला हात लावणार म्हटल्यावर वरच्या लोकांची झोप उडाली. शेवटी ठरलं, चाळिशी उलटलेल्या आणि दिसायला साध्या बायकाच घ्यायच्या. मी दारातून आत गेले आणि निवड समितीनं एका सुरात सुटकेचा श्वास सोडला. मला नोकरी आरशानं मिळवून दिली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. सेइजी गेल्यानंतर पहिल्यांदाच, असं नंतर लक्षात आलं.

त्या युद्धात त्यांनी चिनी कैद्यांचीही शुश्रूषा केली. गावच्या लोकांनी दगड मारले. "नेम चांगला नव्हता," एवढंच त्या म्हणाल्या. आताही गावाच्या पलीकडच्या मठात रशियन कैदी ठेवले आहेत, तिथे आठवड्यातून दोनदा जातात.

३० नोव्हेंबर

मठाच्या पायऱ्या चढताना माझे पाय भरून आले. मध्येच बसावं लागलं. हल्ली असं होतं. मोठ्या बाई मागून येत होत्या. खाली बसल्या, माझा मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खड्डा पडला होता, मळलेल्या पिठात पडावा तसा. बराच वेळ भरून आला नाही.

"काय जेवता?"

"पांढरा भात. मुळ्याचं लोणचं."

"बस्स? आणि पूर्वी?"

"पूर्वी जव. मुलगा सैन्यात गेल्यापासून सोडला."

त्यांनी मोजा पुन्हा वर ओढला. मग म्हणाल्या, "पुन्हा जव घालून बघा."

मी मान हलवली. पण देव्हाऱ्यात जव ठेवायचा? जे त्याच्या वाटीतून उतरतं तेच मी जेवते. मेलेल्या मुलासमोर गरिबी पुन्हा कशी मांडायची? हे त्यांना सांगितलं नाही.

४ डिसेंबर

मला आता आजाऱ्यांना भरवायचं काम दिलं आहे. बोटं बधिर झालेल्यांना जेवायच्या काड्या धरता येत नाहीत.

मोहेई नावाचा एक मुलगा आहे, इयाच्या डोंगरातला. पाय सुजलेले, तळहात बधिर, पण तोंड अखंड चालू. मला पहिल्याच दिवशी मावशी म्हणू लागला.

"मावशी, आमच्या डोंगरात तांदूळ पिकतच नाही. जव, वरई, कुटू. सैन्यात पहिल्या दिवशी ताट पुढं आलं, तर मी विचारलं, कोण मेलं? आमच्याकडे एवढा पांढरा भात मेलेल्याच्या उशाशीच ठेवतात."

"मग काय म्हणाले?"

"हवालदार म्हणाला, खा, तुझाच आहे. मी रडत रडत खाल्ला. बाकीचे म्हणाले घरची आठवण आली वाटतं. घरची कसली, घरी हे नव्हतं म्हणून रडत होतो."

सेइजी एवढा बोलका नव्हता. पण हनुवटीवर शीत चिकटलं की जिभेनं काढायची सवय तशीच.

९ डिसेंबर

आज मोठ्या बाई आणि हिनो डॉक्टर यांचं बोलणं माझ्यासमोरच झालं. मी कपडे घड्या करत होते. हिनो डॉक्टर सभ्य गृहस्थ आहेत, सैनिकांशी हळू बोलतात.

मोठ्या बाई म्हणाल्या, "डॉक्टर, पलीकडच्या मठात एकाही रशियन कैद्याला काक्के नाही. जखमा आहेत, ताप आहे, पण हे नाही. ते पाव खातात आणि मटणाचं सूप पितात. आपली माणसं पांढरा भात खातात आणि इथे दर तिसऱ्या गादीवर पाय सुजलेला आहे."

"हा जंतूंचा रोग आहे. दमट बराकीतून येतो. इंग्रज लोक ज्याला बेरीबेरी म्हणतात तोच. आज ना उद्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडेल."

"नौदलात जव देतात. तिथे कमी झाला म्हणतात."

"नौदलाचं नौदलापाशी." मग ते जरा हसले. "मोठ्या बाई, शिधा वरून ठरलेला आहे. आणि देशासाठी आलेल्या मुलाला जव वाढायचा? कैदखान्यातलं अन्न? त्याची आई काय म्हणेल?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला त्यांचं पटलं होतं.

"माझी खात्री नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "खात्री असती तर विचारलं नसतं, केलंच असतं. चार माणसं द्या मला. जानेवारीच्या मध्यापर्यंत. सुधारली तर तुम्ही वर कळवा. नाही सुधारली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. शेवटी म्हणाले, "चार. चौघं सुधारले तर कळवीन, माझा शब्द. पण एक जरी दगावला तर मला वर तोंड दाखवता येणार नाही."

चौघांत मोहेई आहे. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "त्याला तुम्ही भरवा. तुमचं ऐकेल. वाटी रिकामी झाली पाहिजे, ओनिशीबाई. सगळं त्याच्यावर आहे."

११ डिसेंबर

मोहेईनं जव बघितला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"मावशी, मी काय कैदी आहे?"

"औषध म्हणून खा."

"जवच खायचा तर मी डोंगरातच राहिलो असतो. तिथे रशियन तरी नव्हते." मग आवाज बदलून म्हणाला, "मी मरणार आहे म्हणून चांगला भात दुसऱ्याला देताय का? तसं असेल तर सांगा सरळ."

मी नाही नाही म्हणत राहिले. दोन घास खाल्ले त्यानं, डोळे मिटून. शेजारच्या गादीवरचा कोणीतरी म्हणाला, "मोहेई, शिक्षा किती वर्षांची झाली?" बाकीचे हसले. मोहेई हसला नाही. मी वाटी तशीच परत नेली तेव्हा मोठ्या बाईंनी त्यात पाहिलं. त्यांचा चेहरा बघवला नाही.

१२ डिसेंबर

सकाळी सेइजीच्या वाटीतला भात उतरवला आणि खावासा वाटेना. किती दिवस मी एकटीच तो खाते आहे. त्याच्या शेवटच्या दिवसांत त्याला कोणी भरवलं असेल, ती बाई कोण असेल, तिनं त्याला हवं ते दिलं असेल का, असं मनात येत राहिलं.

तो भात डब्यात भरला, वर आणखी घातला आणि बाहीआड घेऊन गेले.

मोहेईला पडद्याआड हळूच म्हटलं, "हा माझ्या मुलाच्या देव्हाऱ्यातला आहे. कोणाला सांगू नकोस." त्यानं डब्यात पाहिलं. काही विनोद केला नाही. आधी हात जोडले. मग सगळा खाल्ला.

त्याच्या वाटीतला जव वाया घालवणं बरं नव्हतं. तो मी मागच्या ओसरीत बसून खाल्ला. कितीतरी महिन्यांनी. चव ओळखीची लागली.

रिकामी वाटी घेऊन गेले. मोठ्या बाईंनी दोन्ही हातांत घेतली. "सगळा खाल्ला?" मी म्हटलं, "वाटी रिकामी आहे." त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मला ओशाळल्यासारखं झालं. पण मुलगा उपाशी राहिला नाही, तेही खरंच.

२० डिसेंबर

रोज डबा नेते. मोहेई आता दुपारची वाट बघतो. "तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा," म्हणतो. "म्हणावं, भात आज जरा मऊ झाला होता." मी घरी येऊन सेइजीला तसं सांगते. घरात बोलायला काहीतरी झालं आहे.

त्याच्या पायाची सूज मात्र गुडघ्याच्या वर गेली आहे.

चौघांपैकी एकाच्या पायांची सूज चांगलीच उतरली. त्याला लगेच पलटणीत परत बोलावलं. मोठ्या बाईंनी आठ दिवस थांबवा म्हणून विनवलं, पण माणसं कमी आहेत म्हणे. डॉक्टर म्हणाले, "तो बरा होणाऱ्यांतलाच होता."

२७ डिसेंबर

तोकुवहिनी विहिरीवर भेटली. "ओनिशीबाई, तुमच्या त्या मोठ्या बाई शत्रूच्या ताटातले पाव आणून आपल्या मुलांना चारतात, खरं का?"

"पाव नाही. जव."

"म्हणजे त्याहून वाईट. रशियनांना मटण आणि आपल्यांना जव. कुठल्या देशाची आहे ही बाई?"

मी घागर उचलली. उत्तर द्यायला हवं होतं. मोठ्या बाई सकाळपासून उभ्या असतात, ज्यांच्या जवळ कोणी जात नाही त्यांच्या जखमा धुतात, हे सांगायला हवं होतं. मला बोलता येत नाही वेळेवर.

मठाच्या भिंतीवर कोणीतरी कोळशानं वाईट लिहिलं होतं. मोठ्या बाईंनी स्वतः बादली घेऊन ते धुतलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाल्या. "तुमचा विद्यार्थी असेल."

१ जानेवारी १९०५

नवीन वर्ष. घरी पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप केलं, त्यात पुरण भरलेला मोची, चिकट तांदळाचा गोळा. सेइजीला ठेवला. मोहेईला नेला. त्याला गिळायला त्रास झाला, दम लागला, तरी संपवला. "मावशी, हे गोड आहे. सूप गोड. तुम्ही इकडचे सानुकीचे लोक वेडे आहात," म्हणाला आणि झाकण चाटलं.

छाती हलताना पांघरुणावरून दिसते. मोठ्या बाई दिवसातून चार वेळा त्याची नाडी बघतात. आज त्यांनी मला विचारलं, "खरंच सगळं खातो ना?"

"एक शीतही उरत नाही."

"मग सूज का उतरत नाही?" हे त्या मला नाही, स्वतःलाच विचारत होत्या. इतक्या शहाण्या बाईला असं चाचपडताना बघून वाईट वाटलं. मला काही मदत करता येण्यासारखी नव्हती.

आज पायऱ्या एका दमात चढले. पाय हलके झाले आहेत. रोजच्या चालण्यानं असेल. सेइजीनं माझं दुखणं उचललं असंही मनात आलं.

३ जानेवारी

र्योजुन पडलं. सकाळपासून घंटा वाजत आहेत. तोकुवहिनी धावत आली आणि माझा हात धरून रडली. "तुमच्या सेइजीचा बदला घेतला." मी तिला चहा दिला. कोणाचा बदला, कोणावर, हे मला नीट जुळवता आलं नाही.

५ जानेवारी

आज दुपारी झेंड्यांची मिरवणूक होती. मोहेईला बघायची होती. दोघांनी उचलून ओसरीवर आणलं, मी मागून टेकू दिला. खालच्या रस्त्यावरून शाळेची मुलं गाणी म्हणत गेली. थंडीचं ऊन होतं, समुद्र चकाकत होता.

"मावशी, मी तिथे होतो," तो म्हणाला. "र्योजुनच्या त्या टेकडीच्या पायथ्याशी. पण वर चढलोच नाही. पायच उचलेनात. गावात विचारलं तर काय सांगू?"

"र्योजुनला होतो म्हण."

"तेवढंच?"

"तेवढं पुरतं."

मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मिरवणुकीकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या मोहेईच्या गळ्याकडे बघत होत्या, तिथली शीर उडत होती.

८ जानेवारी

मोहेई आज दुपारी गेला.

डबा उघडला होता. दोन घास घेतले आणि म्हणाला, थांबा. मग छातीला हात लावून उठून बसायला बघू लागला. श्वास आत येईना. मोठ्या बाई आणि हिनो डॉक्टर आले. डॉक्टरांनी सुई दिली. मोठ्या बाईंनी त्याला पाठीमागून मिठीत धरून ठेवलं, बसता यावं म्हणून. तो माझ्याकडे बघत होता. मी डबा हातात धरून उभी होते. फार वेळ चाललं ते. शेवटी ओठ निळे झाले. सेइजीचंही असंच झालं असेल. आजवर मी ते डोळ्यांसमोर येऊ दिलं नव्हतं.

त्याच्या उशाशी पांढऱ्या भाताची वाटी भरून ठेवली, शीग लावून, वर काड्या उभ्या रोवल्या. एवढा पांढरा.

१५ जानेवारी

हिनो डॉक्टरांनी जव बंद केला. ते रागावले नव्हते, उलट त्यांचे डोळे सुजलेले होते.

"चौघांतला एक आपोआप बरा झाला," ते म्हणाले. "एकजण जखमेच्या तापानं गेला, तो सोडून देऊ. एकाचं धड इकडे नाही, तिकडे नाही. आणि ज्यानं एकही दिवस वाटीत काही उरू दिलं नाही, तो गेला. यावर मी वर काय लिहू?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "काही नाही."

"तुम्ही मनापासून केलंत."

"हो," त्या म्हणाल्या. "त्याचा उपयोग नाही."

नंतर त्या कपड्यांच्या खोलीत एकट्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ओनिशीबाई, मी त्या मुलाच्या तोंडचा भात काढला. शेवटचा महिनाभर. आणि चुकले." मला सांगावंसं वाटलं की त्याच्या तोंडचा भात कोणी काढला नाही, मी होते ना. पण वॉर्डचा नियम मोडला होता, आणि मोहेईला शब्द दिला होता. नुसती जवळ बसले.

२२ जानेवारी

मोठ्या बाईंची बदली झाली. आजारी सैनिकांना आणणाऱ्या जहाजावर. बदली का झाली ते कोणी बोललं नाही, पण भिंतीवरचं सगळ्यांनी वाचलं होतं.

सकाळी पांढऱ्या भाताचे गोळे केले, आत खारवलेला आलुबुखार, बांबूच्या पानात बांधले. भात निवायला उशीर झाला म्हणून धक्क्यापर्यंत धावत गेले. बोट लागलेली होती. मोठ्या बाई आपल्या पेटीवर बसल्या होत्या. निरोपाला वॉर्डातल्या दोन मुली, बाकी कोणी नाही.

त्यांनी पुडकं घेतलं, आभार मानले. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही धावत आलात?"

"उशीर झाला म्हणून."

त्या पेटीवरून उठल्या, धक्क्यावर खाली बसल्या आणि माझा मोजा खाली केला. लोक बघत होते. अंगठा दाबून धरला, उचलला. खड्डा पडला नाही. दुसऱ्या पायावर दाबला. तिथेही नाही.

"काय जेवता हल्ली?"

"पांढराच भात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ. दुपारी मध्यंतरी जव होता."

"कुठला जव?"

मोहेई आता नाही, आणि त्या जाणार. म्हणून सांगितलं. देव्हाऱ्यातल्या भाताचं, डब्याचं, मागच्या ओसरीचं.

त्या खालीच बसून राहिल्या. हमाल येऊन म्हणाला, "बाई, पेटी चढवू का?" त्यांनी ऐकलं नाही.

"रोज?"

"रोज. त्याला एक दिवस उपाशी राहू दिलं नाही मी, मोठ्या बाई. वाटीला शीत चिकटलेलं नसायचं."

"आणि त्याचा जव तुम्ही खाल्लात."

"वाया कसा घालवायचा?"

त्यांनी समुद्राकडे तोंड केलं. नियम मोडला म्हणून रागावल्या असं वाटून मी गुडघे टेकून माफी मागितली. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं.

"तुम्ही त्याला आईसारखं खाऊ घातलंत," शेवटी म्हणाल्या.

मग विचारलं, "तुमच्या पायांबद्दल हिनो डॉक्टरांना लिहिलं तर चालेल? नुसत्या पायांबद्दल. दुसरं काही लिहिणार नाही."

मी म्हटलं, माझ्या पायांचं काय एवढं, त्यांना कामं आहेत.

"आणि एक मागते. मोहेईच्या गादीवर नवा मुलगा आलाय, त्याला डबा न्यायचा असेल तर न्या. पण जवाचा. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातला बंद केलाय, तुमच्या घरचा नाही."

"घरी देव्हाऱ्यातलाच भात असतो."

"तर मग सेइजींच्या वाटीतही जव घाला."

"त्याला चालणार नाही, मोठ्या बाई. त्याला लाज वाटायची."

बोटीनं भोंगा दिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, वॉर्डात एखाद्याला सुई टोचण्याआधी बघत तशा. "आता चालेल त्यांना," म्हणाल्या, आणि फळीवरून वर गेल्या. भाताचं पुडकं त्यांनी छातीशी धरलं होतं.

३० जानेवारी

हिनो डॉक्टर आज मला बघून म्हणाले, "मुरोताबाईंनी तुमच्या पिंढऱ्यांवर चार पानं लिहून पाठवली आहेत." मग उदासपणे हसले. "एका पंखे करणाऱ्या बाईच्या पिंढऱ्यांवरून सैन्याचा शिधा ठरत नाही हो. कागद ठेवून दिलाय."

मी म्हटलं, "त्या दमल्या होत्या."

"हो," ते म्हणाले. "फार."

२ फेब्रुवारी

जवाचा डबा न्यायचं दहा-अकरा दिवस टाळलं. नवा मुलगा इथलाच आहे, किनाऱ्यावरच्या खेड्यातला. आधी बोलत नसे. आता त्याच्या पायांची सूज गुडघ्यापर्यंत आली आहे.

मोठ्या बाईंनी दुसरं काही मागितलं नव्हतं माझ्याकडे कधी. त्यांना जव का हवा होता ते मला कळलेलं नाही. तो एकदा फसला, सगळ्यांसमोर फसला. पण धक्क्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती डोळ्यांपुढून जात नाही.

सकाळी वाण्याकडून जव आणला. रात्रभर भिजवायला हवा होता हे विसरले होते, म्हणून दोनदा शिजवावा लागला. सेइजीच्या वाटीत भरला. पांढऱ्या वाटीत तो करडा दिसत होता, प्रत्येक दाण्यावर मधोमध रेघ. देव्हाऱ्यासमोर बराच वेळ वाटी हातात धरून बसले. मग ठेवली आणि म्हटलं, "सेइजी, रागावू नकोस. आजचा दिवस चालवून घे."

वाफ निघेपर्यंत थांबले. उतरवला, डब्यात भरला, नेला.

मुलानं झाकण उघडलं आणि तसंच धरून राहिला. मग अर्धं झाकण परत लावलं, शेजारच्याला रंग दिसू नये म्हणून.

"आई," तो म्हणाला, "मी काय गुन्हा केला?"

मी घास त्याच्या तोंडापाशी धरला आणि हात अवघडेपर्यंत तसाच धरून बसले.